आधी गावात नोंद, मग बंदरावर पहारा

मराठवाड्यातील जुन्या मूर्तींचा व वस्तूंचा विषय निघाला, की एक वाक्य हमखास कानी पडते : ‘परदेशी जाऊ लागल्याच तर सीमाशुल्क अधिकारी अडवतीलच; कायदा आहे ना!’ या निर्धास्तपणाला आमचा ठाम विरोध आहे.

कायदा आहे आणि तो कडकही आहे. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम १९७२ साली झाला आणि १९७६ पासून अमलात आला. १०० वर्षांची मूर्ती, नाणे वा कारागिरीची वस्तू त्याच्या लेखी पुरावशेष ठरते. ऐतिहासिक वा वाङ्मयीन मोलाच्या हस्तलिखितास, दस्तऐवजास ७५ वर्षे पुरतात. खासगी व्यक्तीने त्यांची निर्यात केल्यास सहा महिने ते तीन वर्षे कारावास आहे.

परंतु सीमाशुल्काची वर्गवारी निराळाच प्रश्न विचारते. १०० वर्षांहून जुन्या वस्तूसाठी ९७०६ हा क्रमांक. तीच मूळ शिल्पकृती असेल तर ९७०३. पुरातत्त्वीय संग्रहातील असेल तर ९७०५. २०२२ पासून ९७०६ मध्ये २५० वर्षांहून जुन्या वस्तूंचा वेगळा पोटविभाग आहे. यातून वस्तूचा प्रकार ठरतो, वय ठरते. ती कोणत्या गावची, हे ठरत नाही. अधिकाऱ्यापुढे असते ती पेटी आणि तिच्यासोबतचा कागद. कागदावर ‘शोभेची नवी वस्तू’ असे लिहिले असेल आणि गावाकडे छायाचित्रही नसेल, तर त्याने पडताळावे कशाशी?

होट्टलची चालुक्यकालीन मंदिरे, कंधारचे राष्ट्रकूटकालीन अवशेष, निलंग्याचे नीळकंठेश्वर, खरोशाची लेणी ही नांदेड-लातूरची संपत्ती. तिच्यातील सुट्या शिल्पाची चोरी झाली आणि ते परदेशी सापडले, तर युनेस्कोचा १९७० चा करार आपल्या बाजूने उभा राहतो. भारताने १९७७ मध्ये त्यास मान्यता दिली आहे. पण करारातील अट विसरू नये : चोरीस गेलेली वस्तू त्या संग्रहालयाच्या वा धार्मिक वास्तूच्या यादीत नोंदलेली हवी. यादी नसेल, तर दावा लंगडाच.

‘नोंद केली की सरकार वस्तू नेते’ ही भीती आम्ही जाणतो. नोंदणीने मालकी बदलत नाही. सक्तीच्या संपादनाची तरतूद कायद्यात आहे, पण ती मोबदल्यासह आहे. आणि चोर तर मोबदलाही देत नाही.

शेजारच्या तेर गावाने वेगळी वाट दाखविली. रामलिंगप्पा लामतुरे या व्यापाऱ्याने गावात सापडणाऱ्या वस्तू जपल्या. पाँपेई येथे १९३८ मध्ये सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी साम्य असलेली मूर्ती आज तेरच्या संग्रहालयात आहे. ती वाचली, कारण बंदरावरील अधिकाऱ्याच्या कितीतरी आधी गावातल्याच एका माणसाने तिचे मोल ओळखले.

आता आपल्या घराकडे वळू. १९७७ मध्ये स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात हे दोन्ही जिल्हे येतात. धर्मग्रामांतील जुनी स्नानसंस्कार-नोंदवही ७५ वर्षांची झाली, जुना चषक शंभरीला पोहोचला, की तोही याच कायद्याचा विषय ठरू शकतो. मौल्यवान व सांस्कृतिक वस्तूंची अचूक यादी ठेवावी, असे १९८३ च्या कॅनन कायद्याचे १२८३ वे कलमही सांगते. म्हणजे देशाचा कायदा बाजूला ठेवला, तरी ख्रिस्तसभेची आज्ञा उरतेच. प्रत्येक धर्मग्रामाने छायाचित्र, मोजमाप आणि ठिकाण यांसह ही यादी करावी व तिची एक प्रत धर्मप्रांताच्या कार्यालयात ठेवावी. शेजारच्या देवळाच्या विश्वस्तांना आणि दर्ग्याच्या मुजावरांना यादी करावयाची असेल, तर त्यांच्याही मदतीस जावे. वारसा गेल्यावर हळहळणे सोपे आहे. तो आपला होता, हे सिद्ध करणारा कागद आधी तयार ठेवणे, हे आपले कर्तव्य आहे.