गोधडीचा टाका, चंद्राची वाट

माझी आत्या लालबागच्या एका गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. धागा तुटला की चिमटीत धरून क्षणात गाठ मारायची. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला आणि ती पुन्हा कामावर गेलीच नाही. पुढे डबे करून तिने संसार ओढला. ‘मला काय येतं? नुसत्या गाठी मारायला,’ म्हणायची.

परवा अमेरिकेच्या ओरायन यानाविषयी वाचताना तिची फार आठवण आली. माणसांना चंद्राकडे न्यायला बांधलेलं हे यान. अंतराळवीरांचा कक्ष आणि त्याखालचा इंजिनाचा भाग यांच्यामध्ये काही ठोकळे बसवतात. उड्डाणाचा दाब त्यांनी सोसायचा, परतताना आगही. शिवाय वजन कमी हवं! २०१४च्या चाचणीत कापडाचे थर चिकटवून केलेले ठोकळे होते. पण अशा थरांचं दुखणं असं, की ते एकमेकांपासून सुटू शकतात.

मग काय केलं असेल? आपण गोधडीला करतो तेच! जुन्या लुगड्यांचे थर आरपार टाक्याने धरून ठेवतो ना, तसंच. क्वार्ट्‌झचे धागे उभे, आडवे आणि आरपार विणले, त्यात रेझिन मुरवलं. आणि हे विणलं कोणी? पेनसिल्व्हेनियातल्या बॅली गावच्या, १९२३ पासून फिती विणणाऱ्या गिरणीने! २०२२मध्ये, आर्टेमिस-१ मोहिमेत, ते ठोकळे माणसांविना गेलेल्या यानाबरोबर चंद्राकडे जाऊन आले.

फितींची गिरणी तिथवर पोचली. आमच्या गिरणगावात मात्र टॉवर उभे राहिले. जमिनीचा हिशेब चौरस फुटात झाला. बोटांतल्या कसबाचा कोणी केलाच नाही.

आपल्याकडेही या कामाची गरज आहे, बरं का. इस्रोने २०२४मध्ये रॉकेटसाठी कार्बनचं हलकं नोझल तयार केलं. त्याने पीएसएलव्ही रॉकेट १५ किलो जास्त भार नेऊ शकेल. कार्बनचे हे धागे बहुधा ज्यापासून करतात, तोच पदार्थ आपल्या स्वेटरच्या अॅक्रिलिक लोकरीत असतो.

म्हणून लेक म्हणाली, ‘मला टेक्स्टाइल शिकायचंय,’ तर ‘कापडाच्या दुकानात बसणार का?’ असं हसू नका. माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्ये, इचलकरंजीच्या डीकेटीईमध्ये हे शिक्षण मिळतं. आणि घरात कुणी मागावर, गिरणीत काम केलेली आजी असेल, तर तिला विचारून लिहून ठेवा. मी आत्याला विचारायचं राहून गेलं.