मधला खंड

मुलांनो, तीन भावंडांतील मधल्याची तक्रार तुम्ही ऐकली असेल. थोरल्याला मान मिळतो, धाकट्याचे लाड होतात. मधल्याकडे कोणी पाहत नाही. तीन खंडांत लिहिलेल्या अद्भुतकथांतील मधल्या खंडाचेही असेच होते. परंतु येथे दोष बहुधा त्या खंडाचाच असतो, असे माझे मत आहे.

पहिल्या खंडात नवे जग दिसते, तिसऱ्यात युद्धाचा निकाल लागतो. मधल्याच्या वाट्याला नुसती वाटचाल येते. अमीश त्रिपाठी यांच्या शिवावरील कथात्रयीचा दुसरा खंड २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात लढाया विपुल आहेत. कथा आपल्या दंडकारण्यातील पंचवटीपर्यंत येते, एक मोठे गुपित उघड होते न होते तोच पुस्तक संपते! तिसरा खंड निघाला २०१३ मध्ये. पाहुण्याच्या पानात वरण वाढून त्याला भातासाठी ताटकळत ठेवावे, तसाच हा प्रकार नव्हे काय?

टॉल्कीन यांना मात्र असा दोष देताना लेखणी अडखळते. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही त्यांच्या मनात एकच सलग कथा होती. महायुद्धानंतर कागद महाग झाला होता, म्हणून प्रकाशकांनी तिचे तीन भाग केले. मधला भाग नोव्हेंबर १९५४ मध्ये निघाला. त्याच्या अखेरीस नायक फ्रोडो शत्रूच्या हाती सापडतो आणि त्याचा सोबती सॅम बंद दाराबाहेर राहतो. पुढचा भाग आला ऑक्टोबर १९५५ मध्ये. अकरा महिने बिचारा सॅम दाराबाहेरच!

पूर्वी यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी शकुंतला गाडी दारव्ह्याला थांबत असे. दूरच्या प्रवाशाला दारव्हा हे केवळ मधले स्थानक. पण तेथील रहिवाशाचे घर, शेत, बाजार सारे तेथेच. मधल्या खंडातही असे कोणी राहणारे हवे. उर्सुला ले ग्विन या अमेरिकन लेखिकेने हेच साधले. त्यांच्या ‘द टूम्स ऑफ अटुआन’ या १९७१ सालच्या दुसऱ्या खंडात पहिल्या खंडाचा नायक, जादूगार गेड, बऱ्याच उशिरा येतो. तोवर कथा असते टेनार नावाच्या मुलीची. बालपणीच तिला घरातून नेऊन अंधाराच्या देवतांची पुजारीण केलेले असते. तिच्या भुयारात गेड चोरासारखा शिरतो. त्याला मरू द्यावे की वाचवावे, हे तिलाच ठरवायचे असते. आणि त्या निर्णयाचे काय होते, हे त्याच पुस्तकात कळते. ग्रंथालयातील पहिला खंड कोणी नेलेला असला, तर खुशाल या दुसऱ्यापासूनच आरंभ करा.