संगणकाची तैनाती फौज

आमच्या उमेळ्यात एक जुनी रीत आहे. माणूस कितीही ओळखीचा असो, "आहात का घरात?" अशी हाक मारल्याशिवाय तो ओटी चढत नाही. संगणकाला मात्र ही रीत कुणी शिकवलेली दिसत नाही. तुम्ही दहा फायली उघड्या ठेवून, एखादं लांबलचक काम चालू ठेवून झोपावं, तर हा पठ्ठ्या रात्री आपणहून बंद होतो, आपणहून उठतो आणि सकाळी धुतल्या चेहऱ्याने तुम्हालाच पासवर्ड विचारतो! रात्रीच्या कामाचं काय झालं, म्हणाल तर उत्तर एकच. अपडेट!

माझं म्हणणं साधं आहे. अपडेट जरूर करा. पण यंत्र बंद-चालू करण्याचा हुकूम मालकाच्याच तोंडून निघाला पाहिजे.

आता कुणी जाणकार चष्मा सावरून म्हणेल, "अहो, ही तुमच्याच सुरक्षेसाठी सोय आहे." कबूल! मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी एक दुरुस्ती दिली. अनेकांनी ती बसवलीच नाही. १२ मे रोजी 'वॉनाक्राय' नावाचा विषाणू त्याच भगदाडातून जगभर घुसला आणि इंग्लंडातल्या इस्पितळांवर शस्त्रक्रिया पुढे ढकलायची पाळी आली. तेव्हा अपडेट नकोच म्हणणारा माणूस शहाणा नव्हे. पुन्हा चालू करण्यालाही कारण असतं. वापरात असलेल्या फायली विंडोजला सहसा जागच्या जागी बदलता येत नाहीत. बसल्या माणसाखालची खुर्ची बदलायची तर त्याला उठवायला हवंच. पण उठवण्याआधी "जरा उठता का?" म्हणायला काय पैसे पडतात?

रंगारीसुद्धा विचारतो, "साहेब, कपाट हलवू का?" पश्चिम रेल्वेचा जम्बो ब्लॉकसुद्धा आधी जाहीर होतो, तोही बहुधा रविवारी.

यावर 'अॅक्टिव्ह अवर्स' नावाची तोड निघाली. तुम्ही कामाचे तास सांगा, त्या वेळात यंत्र स्वतःहून बंद होणार नाही. विंडोज १० मध्ये २०१६ साली ही मुदत बारा तासांची होती, पुढच्या वर्षी अठरा झाली. म्हणजे माझ्याच घरात मला अठरा तासांचा परवाना! उरलेल्या सहा तासांत माणूस झोपतो हे खरं. पण कित्येकदा यंत्राला कामाला जुंपून तो झोपतो, त्याचं काय? कुणी आत असताना आपोआप बंद होऊ नये, अशी पक्की कडीही आहे. पण ती लावायची सरळ सोय 'प्रो' आवृत्तीत, 'होम'वाल्यांना नाही. घरासाठी म्हणून घ्यावं, तर त्यालाच कडी नाही!

हे सगळं ऐकून मला आमच्या शेजारचीच एक गोष्ट आठवते. ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईत दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला. रक्षण आम्ही करू, फौज आमची, ती राहणार तुमच्या मुलखात आणि तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तुम्ही द्यायचा. सोळा वर्षांत पेशवाई आटोपली. आपण लांबलचक करारनामा न वाचता 'मान्य' दाबतो, तेव्हा दुसरं काय करतो? तैनाती फौजच घरात घेतो की!

पण दाद मागता येते बरं का. कॅलिफोर्नियातल्या एका प्रवास-व्यावसायिक बाईंनी विंडोज १० आपल्या यंत्रावर परवानगीशिवाय चढल्याची तक्रार करून दहा हजार डॉलर मिळवले. कंपनीने चूक कबूल केली नाही. पण २०१६ साली अपील मागे घेतलं.

आपण कोर्टात जाऊ नये. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट, तिथे अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जाऊन कामाचे तास अठरा करावेत. रात्रीचं मोठं काम असेल तर 'पॉज' दाबून अपडेट काही दिवस थांबवावं आणि काम झालं की आपल्या हाताने यंत्र पुन्हा चालू करावं. पण एवढ्यावर समाधान मानू नये. 'आता' आणि 'नंतर' या दोन बटणांशेजारी तिसरं बटण मागत राहावं, 'मी सांगेन तेव्हा'. यंत्राचे पैसे आपण मोजले आहेत. एवढा हक्क तर त्यात यायलाच हवा.