सेनापतीचा सल्ला

जळगाव जिल्ह्यात जन्मलेल्या प्रतिभाताई पाटील 2007 साली राष्ट्रपती झाल्या. तेव्हापासून घरातील मुले विचारू लागली की, राष्ट्रपती जर तिन्ही सेनादलांचे सरसेनापती, तर त्यांस युद्धाचा सल्ला द्यावयाचा कोणी? प्रश्न मार्मिक आहे. अमेरिकेत अध्यक्षांस स्वतंत्र सुरक्षा सल्लागार असतो. कॉलिन पॉवेल यांच्यासारखे सेनाधिकारी त्या जागेवर आले. आपल्या राष्ट्रपतींनी मात्र मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वागावयाचे. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार हे पद येथे 1998 साली निघाले, तेही पंतप्रधानांजवळ.

परंतु पद नसतानाही सल्ला देणारा एक मराठी सेनापती त्यापूर्वीच होऊन गेला. लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात हे मूळचे कोल्हापूरकडील वडगावचे, जन्म 1906. 1945 साली ब्रह्मदेशातील कांगावच्या लढाईत त्यांनी डी. एस. ओ. हा बहुमान मिळविला, आणि कोरियात भारतीय पथकाचे आधिपत्य केले. पुढे पूर्व विभागाची धुरा त्यांजकडे आली. चीनची सरहद्द तीच.

ऑक्टोबर 1959 मध्ये त्यांनी लेखी इशारा दिला. सीमेवर केवळ टेहळणीची ठाणी ठेवावीत. खरी झुंज मागे, जेथवर आपले रस्ते पोचतात व शत्रूची रसद लांबते, तेथे द्यावी. सरसेनापती थिमय्यांस हे पटले. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी ते घबराटीचे लक्षण मानून बाजूस सारले. मार्च 1960 मध्ये लखनौस ‘लाल किल्ला’ नावाचा युद्धाभ्यास करून थोरातांनी तीच गोष्ट पुन्हा मांडली. भारवीच्या महाकाव्यारंभी वनेचर युधिष्ठिरास अप्रिय परंतु खरे तेच सांगतो, आणि युधिष्ठिर ते ऐकून घेतो. आमच्या मते मोठेपण निम्मे त्या ऐकण्यात आहे. दिल्लीस तेवढीच उणीव होती.

1961 साली थोरात निवृत्त झाले. पुढच्या ऑक्टोबरात चिनी सेना खाली उतरल्यावर नेहरूंनी त्यांस बोलाविले. जुना कागद वाचून, हा आपणांस का दाखविला नाही, असे त्यांनी विचारल्याचे थोरातांच्या आत्मचरित्रात नमूद आहे. त्याचे उत्तर मेनन यांजपाशी होते. नोव्हेंबरात राष्ट्रीय संरक्षण परिषद स्थापन होऊन थोरात व थिमय्या या उभयतांस तीत पाचारण झाले. तवांग त्याआधीच पडले होते.