भाग निवडण्याचे शिक्षण

अमरावती-अकोल्याच्या शिवारात कपाशी-सोयाबीनवर चालणाऱ्या बॅटरीच्या फवारणी पंपात 12 व्होल्टची डीसी मोटर असते. आपल्या वसतिगृहातील अनेक मुलांच्या घरी हा पंप आहे. विज्ञान प्रदर्शनात मात्र हीच मुले बाजारातील तयार संच जोडून मोकळी होतात. शाळेने भाग निवडून देऊ नयेत, निवडायला शिकवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मोटरीच्या वेटोळ्याचा रोध आधी मल्टिमीटरने मोजावा. तो 2 ओहम भरला, तर ओहमच्या नियमानुसार सुरुवातीच्या क्षणी 6 अँपिअरपर्यंत प्रवाह वाहू शकतो. बीसी547 ट्रान्झिस्टर जेमतेम 100 मिलिअँपिअर सोसतो, तर एल298 एका वाहिनीवर 2 अँपिअर. दोन्ही अपुरे. एकाच दिशेने फिरणाऱ्या पंपाला आयआरएलझेड44एन हा मॉस्फेट पुरतो. तो 5 व्होल्टच्या संकेतावरही नीट चालतो. मोटर बंद होताना वेटोळे उलट दाब निर्माण करते, म्हणून तेवढा प्रवाह पेलणारा डायोड तिला उलट दिशेने जोडणे अनिवार्य आहे.

या रीतीत काही भाग जळतील, हा आक्षेप खरा आहे. तो खर्च आपण माजी विद्यार्थ्यांनी उचलावा. कालाम सुत्तात तथागतांनी ऐकीव गोष्टींवर न विसंबता स्वतः पारखून घेण्यास सांगितले आहे. प्रयोगशाळेत त्याचा अर्थ असा की, दुकानदार सांगतो म्हणून नव्हे, तर मोजमाप सांगते म्हणून भाग घ्यावा. ज्यांना शतकानुशतके ज्ञानापासून दूर ठेवले गेले, त्यांच्या लेकरांनी यंत्रांचे केवळ ग्राहक होऊन राहू नये.