घरकुलाचा उंबरठा

वसतिगृहात माझ्याबरोबर शिकलेल्या एका मित्राचे दोन्ही पाय लहानपणीच पोलिओने गेले होते. येथे त्याचे कधी अडले नाही. पायऱ्या आल्या की दोघे जण न सांगता पुढे होत. पुढे त्याला गावी घरकुल मिळाले. मी पाहावयास गेलो, तेव्हा तो अंगणातच बसला होता. जोते दोन फूट उंच, शौचालयाचे दार जेमतेम दोन फूट रुंद. घर त्याच्या नावावर होते. परंतु आत जाण्यासाठी थकलेल्या आईची वाट पाहावी लागत होती.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील कलम ३७ नुसार गृहयोजनांत किमान ४० टक्के दिव्यांगत्व असणाऱ्यांसाठी ५ टक्के आरक्षण असून दिव्यांग स्त्रियांना प्राधान्य आहे. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई आवास योजनाही आहे. कोणी म्हणेल, अशांसाठी आश्रम काढावेत. पण याच अधिनियमाचे कलम ५ दिव्यांगांना समाजात राहण्याचा हक्क देते. आपल्या माणसांपासून तोडून दिलेला निवारा हे त्यावरचे उत्तर नव्हे.

माझ्या मते, शासन घर देऊ शकते. ते राहण्याजोगे करणे समाजाच्या हाती आहे. एक फूट उंची चढण्यास बारा फूट लांबीचा उतार लागतो. दोन फुटांच्या जोत्याला चोवीस फूट! एवढे अंगण घरकुलाला कोठून असणार? तेथे शेजाऱ्यानेच हातभर जागा सोडावी लागते. पाया खणतानाच कोणी जाणकार उभा राहिला, तर जोते ठेंगणे व दार तीन फुटी ठेवता येते. बांधून झाल्यावर तेच फोडावे लागते.

आपल्या माजी विद्यार्थ्यांत अभियंते आहेत, गवंडी आहेत, ग्रामसेवक आणि वकीलही आहेत. प्रत्येक तालुक्यात त्यांचा एक गट व्हावा. ग्रामसभेत लाभार्थ्यांची यादी वाचली जात असताना त्याने उपस्थित राहावे, दिव्यांगांची नावे सुटू देऊ नयेत, कागदपत्रे पुरी करून द्यावीत आणि पाया आखताना जागेवर जावे. पालकांनी व विहार समित्यांनी श्रमदान आणि सिमेंट-वाळूचा भार उचलावा.

शाळेत दोघे जण न सांगता पुढे होत होते. त्या सवयीची खरी परीक्षा आता आहे. मित्राची आई किती दिवस पुरणार? आरंभ त्याच्याच अंगणापासून करू या.