अभ्यास की आकडा?

आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वडील बाजार समितीत हमाली करतात. २०२५ च्या मार्चमध्ये आय.पी.एल. सुरू झाली तेव्हा मी प्रथम वर्षात होतो. वसतिगृहातल्या मित्रांबरोबर मीही मोबाईलवर पैसे भरून टीम लावू लागलो. १०० क्रेडिटमध्ये ११ खेळाडू निवडायचे, त्यांतल्या एकाला कप्तान करायचे. त्याचे गुण दुप्पट, उपकप्तानाचे दीडपट. प्रवेश ४९ रुपये. पहिल्या आठवड्यात ६०० रुपये मिळाले. स्पर्धा संपली तेव्हा खानावळीचे अडीच हजार गेले होते.

वडिलांना सांगावेच लागले. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "म्हणजे आकडाच की रे!"

मी हिरिरीने म्हणालो, "नाही अण्णा, ह्याला अभ्यास लागतो. खेळपट्टी, खेळाडूचा फॉर्म, सगळे बघावे लागते."

"तुझा आजाही वही घेऊन रात्रभर आकड्यांचा अभ्यासच करायचा."

माझी बोलती बंद झाली. मग कायदा काय म्हणतो ते शोधू लागलो.

१८६७ च्या सार्वजनिक जुगार कायद्याने आणि आपल्याकडच्या १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट दिली. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रमी आणि १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यती कौशल्याच्या ठरवल्या. त्याच धाग्याने २०१७ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने आणि २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फॅन्टसी क्रिकेटला जुगारातून वगळले. ऑगस्ट २०२५ मध्ये मात्र संसदेने कायदा केला की कौशल्य असो वा नशीब, पैसे लावायचे ऑनलाईन खेळ चालवता येणार नाहीत. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद. या कायद्याला न्यायालयात आव्हानही दिले गेले. वाद जुनाच : कौशल्याचा खेळ जुगार कसा?

मला वाटते, प्रश्नच चुकीचा विचारला जातो. कौशल्य लागते, हे मान्य. पण शकुनीपाशी काय कौशल्य कमी होते? म्हणून कौरवसभेतले ते द्यूत, द्यूत नव्हते असे कोणी म्हणेल काय? उलट त्याच्या कौशल्यानेच धर्मराजाची हार अटळ केली. इथेही सर्वांनी भरलेल्या पैशातून कंपनी आधी आपला वाटा कापते आणि उरलेले बक्षिसांत वाटते. म्हणजे सारे मिळून जेवढे घालतात, त्याहून कमीच परत येते. सगळ्यांनी कितीही अभ्यास केला तरी ही बेरीज बदलत नाही. जो तरबेज, तो नवख्याच्या खिशातून जिंकतो.

कोणी म्हणेल, बुद्धिबळाच्या स्पर्धेलाही प्रवेश फी असते. खरे आहे, पण तिथे सोंगटी मी हलवतो. इथे सामना सुरू झाला की माझे कौशल्य संपले. झेल दुसऱ्याच्या हातात, पैसे माझे. दुसऱ्याच्या खेळावर पैसे लावणे याला आपल्या भाषेत पैजच म्हणतात.

आणखी एक आक्षेप रास्त आहे. खुद्द महाराष्ट्र शासनाने १९६९ मध्ये लॉटरी सुरू केली, ती कशी चालते? मला तीही पटत नाही. पण तिकीट घेणारा निदान नशिबाच्या नावाने घेतो; त्याला कोणी अभ्यास म्हणत नाही.

नुसत्या बंदीने सारे थांबेल असा माझा भ्रम नाही. बंदी असतानाच आजोबांनी आकडा लावला. तरीही कायद्याने या खेळाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारावी असे मला वाटते. जुगार म्हटले असते तर मी खेळलोच नसतो, असे छातीठोकपणे सांगवत नाही. पण खानावळीचे पैसे लावताना 'मी अभ्यास करतो आहे' अशी स्वतःची समजूत तरी घालता आली नसती.